किलोमागे

तक्त्यात बेळगावचा रकाना नाही.
नॉर्वे आहे, स्पेन आहे, जपान दोनदा आहे,
एकदा बंदरावरचा भाव, एकदा दुकानातला.
हॅलिबट, टर्बट, सोल. सगळे चपटे,
सगळे समुद्रातून धरलेले.
टाक्यांत पोसलेल्यांचा तक्ता वेगळा, तो विजयमाला करते.
मी बारा महिन्यांचे आकडे भरते, रेघ ओढते.
रेघ वर जाते.
साहेब फोनवर म्हणतात, ट्रेंड चांगला आहे.
कुणासाठी, हे विचारायचा पगार मला मिळत नाही.

साडेपाचची खानापूर बस.
स्टँडमागे पास्कोलीनची टोपली.
अनमोडचा घाट चढून आलेला बर्फ
तिच्या पायाशी पाणी होऊन गटार शोधतो.
ती म्हणते लेपो, मी म्हणते लेपा,
शेजारचा बसाप्पा नंगू म्हणतो
आणि पिशवी पुढे करतो.
मासा तोच, पालथा पडलेला.
एका अंगाला वाळूचा रंग,
दुसऱ्या अंगाला रंगच नाही.

"केवढ्याला?"
"शंभरचा वाटा. गुदस्ता पण शंभरच होता न्हवं?
मी भाव वाढवत न्हाई बाई."

खरंच वाढवत नाही.
ती फक्त मोजते, बसाप्पासाठी कन्नडमधून :
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु
आणि हात पुसते.
गुदस्ता ती एळुपर्यंत जायची.
सातपर्यंतचं कन्नड मला तिच्याच टोपलीने शिकवलं,
त्यातले वरचे तीन आकडे आता गंजत चाललेत.

हे कुठल्या रकान्यात भरू?
भाव स्थिर, रेघ आडवी,
तळाला अंग चिकटवून पडलेली,
वरून बघणाऱ्याला वाळूच वाटावी अशी.

"पिल्लू असताना याचे डोळे दोन बाजूंना असतात,"
पास्कोलीन सांगते, खवले काढता काढता.
"मग एक डोळा निघतो आपली बाजू सोडून,
दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो."
"दुखत असेल गं?"
"त्यालाच विचार की.
तुझ्याकडंच बघालाय."

बसाप्पा हसतो. कुठल्या भाषेत, कळत नाही.

पाचवा मी मागितला नाही.
तिनेच वरती म्हणून एक टाकला, बोटाएवढा,
वाट्यात न धरलेला, किलोत न येणारा.
घरी तव्यावर
तोच सगळ्यांच्या आधी झाला.