मधमाशी आली नाही तर

आमच्या घरात फूल म्हणजे वजन.
पहाटे चारला गुलटेकडीला पाटी ओतायची,
वर ओलं फडकं,
आणि संध्याकाळी उरेल ते उकिरड्यावर.
आई म्हणायची, फुलाला उद्या नसतो,
तारूंच्या पोरीला एवढं कळलं तरी पुष्कळ.

मग मला ही नोकरी लागली.
डांबरगोळ्यांच्या वासाची खोली, लोखंडी कपाटं,
आणि आत ऐंशी वर्षांपूर्वी सुकलेली फुलं,
ज्यांचं वजन कुणी केलं नव्हतं.

माझं काम टाके घालायचं.
निखळलेला देठ जाड कागदावर
पांढऱ्या दोऱ्यानं धरून ठेवायचा,
गाठ मागच्या बाजूला.
मोडकबाईंनी हातात युरोपचा गठ्ठा दिला.
कधीकाळी अदलाबदलीत आलेला.
"हा कुणी मागत नाही. चुकलीस तरी चालेल.
यावर हात बसव."

म्हणून माझ्या बोटांना आधी आल्प्स कळला, मग सह्याद्री.
बर्फ मी फक्त गुऱ्हाळातला पाहिलेला,
गोणपाटात गुंडाळलेला.

मार्टागॉन लिली.
पाकळ्या मागे वळलेल्या,
मंडईतल्या हमालानं बाह्या दुमडाव्यात तशा.
तिचे पराग कागदावर सांडून तिथेच राहिलेले.
बोट लावलं तर बोटाला आले,
झेंडूच्या दिवसांत आईच्या हाताला असायचा
तसाच, जरासा जुना रंग.
खाली बारीक अक्षर, बाईंनी वाचून दाखवलं:
हेडविग लिंडनर, जुलै १९०९,
बीचचं रान, पायवाटेच्या डावीकडे.
डावीकडे!
इतक्या लांबून, इतक्या वर्षांनी
डावी बाजू सांभाळून आलेली.

मग ऑर्किस.
मुळाशी दोन गड्डे. एक सुरकुतलेला,
यंदाचं फूल त्यानं काढलेलं.
दुसरा टणक, पुढच्या वर्षासाठी,
जे वर्ष कागदावर आलंच नाही.
ऑर्किस म्हणजे काय, विचारलं
तर बाईंना खोकला आला.
वीस वर्षांनी एका शिकाऊ पोरानं सांगितलं
आणि मी कपाटाआड जाऊन
डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

आणि ती मधमाशी-आमरी.
फुलाच्या ओठावर हुबेहूब मधमाशी,
तीच लव, तोच तपकिरी मखमली पाठीचा उंचवटा.
नर फसतो, येतो, पराग घेऊन जातो.
बाई म्हणाल्या, पण उत्तरेकडे
ती मधमाशीच नाही.
तिथे ही फुलते, थोडे दिवस वाट बघते,
मग परागाच्या दोन पिवळ्या गोळ्या
दांडीवरून हळूच खाली झुकतात,
वाऱ्यानं हलतात,
आणि स्वतःलाच लागतात.
बी धरतं. भरपूर धरतं.

तेव्हा मी एकेचाळीसची.
स्थळं यायची थांबून दहा वर्षं झालेली.
बाई घाईनं म्हणाल्या, "म्हणजे, वनस्पतींमध्ये."
मी सुईत दोरा ओवत होते.
एका फटक्यात ओवला गेला.

मेमध्ये निवृत्त झाले.
नारळ, शाल, आणि एक गुच्छ,
प्लास्टिकच्या कागदात गुदमरलेला.
बाई असत्या तर तो आधी सोडला असता.

ऑगस्टमध्ये वेताळ टेकडीवर गेले.
खाली गुडघे टेकायला आता वेळ लागतो.
गवतात बोटभर उंचीची हिरवट आमरी,
पहिल्यांदाच अशी, ओली,
देठातून कुठेही दोरा न गेलेली.
हात आपोआप पिशवीकडे गेला, कातरीसाठी.
कातर ऑफिसात जमा केलेली.
बरं झालं.

एक मुंगी तिच्यावर चढली, उतरली.
कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ म्हणाले,
"काही हरवलंय का?"
मी बसच्या तिकिटामागे लिहिलं:
वेताळ टेकडी. सकाळ. ढगाळ.
पायवाटेच्या डावीकडे.
गोळा केलं: काही नाही.
आणि खाली पूर्ण नाव,
सुलभा केरबा तारू,
जे इतक्या वर्षांत
कुठल्याच कागदावर
मी लिहिलं नव्हतं.