रकाना तिसरा

आकाशात असेपर्यंत उल्का,
जमिनीला टेकली की अशनी.
हे सांगितलं तेव्हा चांगुणा केणी म्हणाली,
"मंजे सासरी आली नि नाव बदललां,"
आणि चहाचा पेला माझ्याकडे सरकवला.

वर पत्र्यात मुठीएवढं भोक.
त्यातून भांडुपचं ऊन
सरळ पिठाच्या डब्यावर.
तिथंच पडला होता, तीन दिवसांपूर्वी, पहाटे,
आणि तिनं तो धुतला होता.
दारी कुणी आलं की पायांवर पाणी घालतात,
तसा.
डॉ. पर्सिस घडियालींनी क्षणभर डोळे मिटले,
मग वहीत लिहिलं: गंज, किंचित.

तीनशे बारा ग्रॅम.
काळी साल, नखाएवढी पातळ,
आत राखाडी, सुकत आलेल्या सिमेंटसारखा.
त्यातले वीस ग्रॅम संग्रहालयात कायमचे ठेवायचे,
उद्या कुणी आमच्यावर विश्वास ठेवला नाही
तर त्यालाही तपासता यावं, म्हणून.
तेवढे मी कापून दिले, पाणी न वापरता, सावकाश.
मग एक चकती काचेवर चिकटवली
आणि घासत बसलो.
अठ्ठावीस वर्षं मी हेच करतो,
दगडातून उजेड जाईपर्यंत घासतो.

सूक्ष्मदर्शकाखाली निळं, हळदी, जांभळं ऑलिव्हिन.
गोल दाणे होते, पण कडा विरलेल्या,
फार पूर्वी कुठंतरी फार तापला होता तो.
लोखंड कमी, म्हणून एल.
कडा पुसलेल्या, म्हणून सहा.
धक्क्याच्या खुणा: तिसरी पायरी.
यावर कुणाचं दुमत नव्हतं.
साडेचार अब्ज वर्षं
अर्ध्या ओळीत बसली.

अडलं ते तिसऱ्या रकान्यात.
नाव.

माणसाचं चालत नाही.
(मी चांगुणाचं सुचवून पाहिलं होतं. बाई हसल्या.)
जागेचं हवं, पडला तिथलं,
नकाशात सापडेल असं.
नकाशात तिथं पांढरं आहे.
पालिकेच्या यादीत 'अतिक्रमण, मिठागर हद्द'.
वस्तीतले लोक म्हणतात कोरडी,
उधाणाचं पाणी जिथवर पोचत नाही
ती.

समितीनं विचारलं, जवळचं ठिकाण भांडुप ना?
मग अडचण काय?
बाईंनी उत्तर लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं.
सोबत मिठागराच्या जुन्या हजेरीपटाचं पान,
बालवाडीच्या पाटीचा फोटो,
आणि पोस्टमन इद्रिस तांबोळी यांचं निवेदन, सहीसकट:
'पाकिटावर नुसतं कोरडी लिहिलेलं असतं.
मी पोचवतो.
अजून एकही परत गेलेलं नाही.'

मतं त्या वाक्यावर फिरली असावीत.
खरं काय ते मला कळायचा मार्ग नाही,
पण मी तसं धरून चालतो.

पाच महिन्यांनी मंजुरी आली.
नाव: कोरडी.
प्रकार: पतन, म्हणजे पडताना कुणीतरी ऐकलेला.
वर्ग: एल सहा.
खाली अक्षांश, रेखांश,
दशांश चिन्हापुढे चार चार आकडे,
चांगुणाच्या पिठाच्या डब्याचे.

छापील प्रत घेऊन मीच गेलो.
तिनं मला दोनदा वाचायला लावलं,
नावापाशी बोट ठेवून घेतलं.
मग फळीवरची प्लॅस्टिकची पिशवी काढली.
रेशनकार्ड, विजेचं बिल,
सासऱ्याची मिठागरातली पगाराची चिठ्ठी,
त्यांच्यामध्ये कागद सरकवला, घडी न घालता.
"पुरावा म्हणून चालल ना?"

मी वर पाहिलं.
भोकावर आता निवडणुकीचा फ्लेक्स ताणून बांधला होता,
हसरी बाजू आभाळाकडे.
आतून
नुसतं पांढरं.