पाश्कोलचा बर्फ

कुटबणच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यात
मी लाद्या मोजते.
एका लादीला वहीत एक उभी रेघ,
पाचवी आडवी.
पाश्कोल आकड्याने लादी ओढतो, घसरणीवर सोडतो,
खाली ट्रॉलरवरची पोरं ती फोडून
बांगड्यांवर फावड्याने पसरतात.

बावीस वर्षं तो तारवटी होता.
जुन्या पासपोर्टात चिलीचे शिक्के, ओळीने.
मी विचारलं, त्या खाड्या कशा असतात रे,
फ्योर्ड म्हणतात त्या?
कॅलेंडरवर पाहिल्यात मी:
काळं पाणी, सरळ कडे,
आणि मधूनच उतरलेली पांढरी जीभ.

"म्हाका विचारू नको बाये," तो म्हणाला,
"मी धोबीखान्यात."

पाण्याच्या रेषेखाली दोन मजले.
वर लोक हिमनद्या बघत,
खाली त्यांचे टॉवेल येत.
टॉवेल ओले, खारट, तर वर वारा.
टॉवेल कोरडे, घडीसुद्धा न मोडलेले,
तर सगळे डेकवर,
म्हणजे बाहेर काहीतरी मोठं आहे.
रात्री पत्र्याला बर्फ लागायचा,
नखाने कोणी दार वाजवावं
आणि आत यायची घाई नसावी, असा.
पाश्कोलने उशी त्या बाजूला फिरवून घेतली होती.

तेरा मोसम असे.
वर गेला तो एकदाच.
कप्तानाने यंत्रं बंद केली होती,
मुकादम म्हणाला, जा, सात मिनिटं.
इस्त्रीच्या वाफेतला माणूस, अंगात बनियन,
तसाच जिने चढत गेला.

काय दिसलं?

आकडा भिंतीला टेकवून तो बराच वेळ उभा राहिला.
"निळा गो. पांढरा नाहीच.
नीळ जास्त पडलेल्या चादरीसारखा.
मुकादमाने पाहिला असता
तर परत धुवायला लावला असता."
मग म्हणाला,
"एक कडा तुटला. आधी पडला,
आवाज मागून आला.
पूर्वी आमच्या वाड्यावर कोणी बोटीत मेल्याची तार यायची ना,
तसा. सगळं होऊन गेल्यावर."

सातवं मिनिट त्याने मोजलं नाही. मुकादमाने मोजलं.

पाहुण्यांच्या व्हिस्कीसाठी
छोटी होडी बर्फ वेचायला जायची.
बारवाल्या रुझारने त्यातला एक तुकडा त्याला दिला.
थर्मासमध्ये घातला, वितळला,
ते पाणी पायमोज्यात गुंडाळून, पेटीच्या तळाशी,
तीन विमानं बदलून वेळ्ळीला आलं.
फ्रिजमध्ये ठेवलं बाटलीत.
चिठी लावायची राहिली.
त्या सकाळी नळ कोरडा होता.
पाश्कोल उठून बघतो तर
फेर्मीनाने त्या पाण्यात पेज शिजवलेली.

"हजारो वर्षांचं पाणी, बाये.
वर मिस्कुटाची फोड."

मग? चव कशी होती?

"पेजेची," तो म्हणाला,
आणि पुढची लादी ओढली.
माझी रेघ ओढायची राहून गेली.
त्या दिवशीचा हिशेब एका लादीने चुकला,
मालकाला अजून माहीत नाही.

आता त्याच्या मुलाला कागद आलाय,
त्याच कंपनीचा. वेटर, सातवा मजला.
पाश्कोल एजंटाला दोनदा फोन करून विचारतो,
खिडकी आहे ना तिथे?
पगाराचं काही विचारत नाही.

संध्याकाळी मी होडीने मोबोरला परतते.
ओहोटी लागलेली, साळ नदी आपली घाईत,
मागे बेतूलचा डोंगर
गुडघाभर पाण्यात उभा असल्यासारखा.
घसरणीखाली सांडलेले बर्फाचे तुकडे
होडीच्या बाजूने जातात, माशांचा वास लागलेले,
एक फळीला लागतो.
कान दिला तर ऐकू येतं.
होडीवाला वल्हं थांबवून बघतो माझ्याकडे,
काय झालं?
काही नाही म्हणते मी,
आणि हात बाहेर घालेपर्यंत
तिथे नुसतं पाणी.