बेअरिंग फ्रीझरमध्ये

बेअरिंग काल रात्रीपासून फ्रीझरमध्ये,
बोंबलांच्या खाली, दोन पिशव्यांत गुंडाळून.
सकाळी बर्फ काढताना सुनेनं विचारलं, हे काय?
म्हटलं, त्रेसष्ट शून्य चार.
ती म्हणाली, किंमत नाही विचारली.

चुनाभट्टीला फाटकाजवळ बंद पिठाच्या गिरणीचा गाळा,
भाडं चौघांत.
भिंतींना अजून बाजरीचा वास, त्यावर पेट्रोल,
त्यावर परकारच्या कानातला अत्तराचा फाया.
शटर आम्ही अर्धंच उघडतो.
पूर्ण उघडलं की लोक दळण घेऊन येतात.

येझ्दी गावंडांची. स्कूटर माझी,
फंडाच्या पैशांतून घेतलेली,
सगळे सोनं घे सांगत होते तेव्हा.
पहिलं वर्षभर हे तिघे मला वहिनी म्हणायचे.
क्लच एकटीनं बसवला त्या रविवारपासून
नुसतं देवरुखकर.

इग्नेशियस सध्या सोळा तास उपाशी असतो.
एकला डबा उघडतो आणि तोवर
आईच्या हातच्या इंद्यालबद्दल बोलतो,
बाटली मसाला कुठल्या उन्हात वाळवायचा त्याबद्दल,
हात मात्र चालूच, जेट साफ करत,
ब्रशच्या एका तारेनं.
परकारला साखर आहे. चहा बिनसाखरेचा,
बिस्किटं दोनच, मोजून,
चार वेळा.
आणि गावंड म्हणाले, मी भात सोडला.

आगरी माणसानं भात सोडला!
परकारनं पाना खाली ठेवला.
डॉक्टर, गावंड म्हणाले, आणि प्लगकडे बघत राहिले.
गणपतीपासून त्यांची बायको लेकीकडे घणसोलीला आहे.
लेकीला बाळ नाही, आजारपण नाही.
एकट्यापुरता भात नीट लागत नाही,
हे ते बोलले नाहीत.
मी सात वर्षं करपवलाय तो.

क्रँककेस ओव्हनमध्ये तापत होती.
ओव्हन इग्नेशियसचा. नाताळात केकला ऑइलचा वास आला
आणि जेसिंतानं तो घराबाहेर काढला, ऑइलसकट.
(इग्नेशियसलाही काढणार होती, पण लाद्या बसवायला माणूस मिळेना.)
बेअरिंग मी नातवाच्या थर्मासमधून आणलं.
चिमट्यानं उचललं, धरलं, सोडलं.
हातोडा लागला नाही.
टप्, एवढाच आवाज.
कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळे खूश होते.

मग गावंड म्हणाले, जरा माझी ऐका.
येझ्दी सुरू केली. धूर बाजरीच्या वासात शिरला.
स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ माझ्या कानाला.
तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, ट्रंक लाइनवर.
दोघंही गप्प झाली तरी
लाइन जिवंत आहे की नाही ते कळायचं.
म्हटलं, खालचा आवाज आहे. रॉडचा.
वरवर घासून जाणार नाही, उघडावं लागेल.
पण चालते ना?
चालते. चालवू नका.

त्यांनी गाडी बंद केली नाही लगेच.
चिंधीनं हात पुसले, बोट न् बोट, नखांच्या कडा,
पुसलेले हात पुन्हा पुसले,
मग फोन घेऊन शटरखालून वाकून बाहेर गेले.
गाडी आमच्याकडे बघत धडधडत राहिली.
पाणी किती वाजता येतं तुमच्याकडे? परकारनं मला विचारलं,
मोठ्यानं,
बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून.
पावणेपाच, मी तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं.

एकला इग्नेशियसनं डबा उघडला. चौघांचा होता.
गावंडांनी भात दोनदा घेतला.
परकारनं बिस्किटांचा पुडा माझ्या पिशवीत कोंबला,
लपवा, म्हणाला, मी मागितला तरी देऊ नका.

तेवढ्यात शटरखाली दोन पावलं दिसली, एक स्टीलचा डबा,
आणि वरून आवाज:
गिरणी चालू झाली का हो?
मघापासून ऐकतेय.