जावक

विषय : केंद्राचे पथक आगाऊ मिळणेबाबत.
एवढं टाइप केलं आणि शब्दाला अडखळले.
आगाऊ आमच्या कचेरीत दोनदाच ऐकू येतं,
दिवाळीच्या उचलीला
आणि नव्या शिपायाच्या पोराला.

गंगापूरहून दर तासाला फोन.
आवक वाढतेय बाई, लिहून घ्या.
धरणाची आवक एका वहीत,
टपालाची आवक दुसऱ्या वहीत,
दोन्हींना एकाच लाल फडक्याचं बासन.
दुपारी चारला धरणाने दारं उचलली.
माझ्या जावक वहीत त्या दिवशी
रजेचे दोन अर्ज
आणि पंखा दुरुस्तीचं एक बिल.

साहेब वाईट नव्हते. हे लिहायलाच हवं.
त्यांनी चष्मा पुसला, नमुना वाचला,
सातव्या रकान्यावर बोट ठेवलं.
आजतागायत झालेली हानी.
काय लिहिलंत?
निरंक, म्हटलं.
मग निरंक असताना मागायचं कशाच्या जोरावर?
आपण राज्याला लिहिणार, राज्य केंद्राला,
आणि पाणी आलंच नाही तर
बोटींचं डिझेल, जवानांचं जेवण,
ताशेरे कुणाच्या नावावर येतील, पगारबाई?
(माझं आडनाव पगार. एरवी त्यावर सगळे हसतात.)
फाइलवर हिरव्या शाईत दोन शब्द पडले :
चर्चा करावी.

गाव चर्चा करत नव्हतं.
गाव मारुती बघत होतं.
दुतोंड्याच्या पायाला पाणी लागलं
तेव्हाच भांडीबाजाराने पातेली उचलली,
कमरेला लागलं तेव्हा सराफांनी
पेट्या माळ्यावर चढवल्या.
कुणी कुणाची परवानगी घेतली नाही.
त्याला तोंडं तरी दोन आहेत.
आमच्या नमुन्याला एकच,
तेही मागे बघणारं.

मी रात्री कक्षातच थांबले.
खिडकीतून नदी दिसत नाही तिथून,
फक्त फोन दिसतात.
छातीपर्यंत आलंय.
दिवे गेले.
अग्निशमनची बोट आनंदवलीला अडकलीय, दुसरी आहे का?
दुसरी आहे का, दुसरी आहे का.
मी फाइलकडे बघत होते.
दुसरी तिच्यात होती.

कुलथ्यांच्या पेढीचा रखवालदार,
धर्मा मोंढे, हरसूलकडचा,
शटरच्या साखळीला धरून होता म्हणतात.
साखळी अजून आहे.
पहाटे तीनला सातवा रकाना भरला.
एक. अक्षरी एक.
तीन वाजून बारा मिनिटांनी पत्र गेलं,
जावक क्रमांक चारशे बारा,
सही तीच, शाई तीच, मसुदाही माझाच,
फक्त आगाऊ खोडून
तातडीने.

पथक आलं तेव्हा पाणी
पुन्हा मारुतीच्या पायाशी उतरलेलं.
बोटी ट्रकवरून उतरल्याच नाहीत.
जवानांनी फावडी घेतली, गाळ उपसला,
कपालेश्वराच्या पायऱ्यांवर बसून चहा प्यायले.
त्यांच्यातल्या एका वयस्कर हवालदाराने
माझ्या ओळखपत्राकडे बघून विचारलं,
एक दिवस आधी का नाही बोलावलं ताई?
आम्ही परवापासून सामान बांधून बसलो होतो.
भांडत नव्हता. बिस्किट बुडवत होता.

चौकशी झाली.
प्रत्येक टप्प्यावर कार्यपद्धतीचे पालन झाल्याचे
दिसून आले.
मीही तसंच सांगितलं, सहीसह.
ते खरंच होतं, हीच तर

असो.

यंदा नमुना नवा छापून आलाय,
कागद जाड, वर रंगीत मुद्रा,
सातवा रकाना जिथल्या तिथे.
मी पेन्सिलीने लिहिलंय : अजून नाही.
नवे साहेब म्हणाले, निरंक लिहा ना,
रूढ शब्द आहे.
म्हटलं, असू दे.

गंगापूरचा फोन वाजतोय.
जावक वहीत आजच्या तारखेला
एक ओळ मी कोरी सोडलीय, क्रमांक घालून.
लेखापरीक्षणात ते चालत नाही.