चार ते पाच

करार मीच टाइप केला, वाळपईच्या पालिकेत,
पंखा बंद, कागद मनगटाला चिकटत होता.
चारपर्यंत सगळं नव्या हायस्कूलचं:
सभागृह, वाचनालय, मैदान, मैदानाकडचे नळ.
पाचनंतर गावाचं.
विजेचं बिल निम्मं निम्मं.
मोडलेली खुर्ची कुणाची, यावर दोन बैठका.

मधला तास कुणाच्याच नावावर पडला नाही.
सह्या झाल्या, शिक्के बसले,
हेडमास्तरीणबाईंनी काजूगर वाटले,
तेव्हा मला दिसलं.
बोललो नाही.

आता शाळा चारला किल्ली ठेवून जाते,
पालिका पाचला उचलते,
मधे ती शांबा गावसच्या खिशात.
त्याचा त्या तासाचा पगार कोण देतं
ते त्यालाही ठाऊक नाही.
दार तो लावत नाही.

बस चुकलेली चरावण्याची पोरं
सभागृहाच्या पायरीवर घुमट बडवतात.
आनामारी मासळीची रिकामी पाटी
शाळेच्या नळाखाली धुते, खवले जाळीत अडकतात.
ट्रक विकून बसलेला इनास
लहान बाकावर गुडघे दुमडून
सातवीच्या भूगोलात शोधतो
पिसुर्ल्याचा डोंगर,
जो त्यानेच खेपा करून खाली नेला.
नकाशात तो अजून उभा आहे.

सोमवारी लेखापरीक्षक आले.
बोट ठेवून म्हणाले, इथे एक तास गहाळ आहे.
टंकनदोष, साहेब.
दुरुस्त करा.
करतो, म्हटलं,
आणि फाईल ठेवली कपाटाच्या खालच्या खणात,
जिथे बुरशी लवकर धरते.