इतिवृत्त, बुधवार

बैठक साडेतीनची. सुरू झाली चार वाजून दहा मिनिटांनी.
इतिवृत्त लिहायचं माझ्याकडे,
अक्षर बरं आहे म्हणून.

शाळा मंगळवार पेठेतली, जुन्या बाजाराला पाठ लावून बसलेली.
विषय क्रमांक एक: समायोजन.
म्हणजे बंद. पण तसं लिहायचं नसतं.

खळदकर साहेब फाइल उघडतात.
पट एकोणीस. आज हजर सात.
'सातांसाठी दोन शिक्षक, एक इमारत, एक वीजबिल.'
वाईट माणूस नाही. पाणी पिऊन झालं की
बाटलीचं झाकण पुन्हा नीट फिरवून लावतो.

मी म्हणते, साहेब, आज बुधवार.
बुधवारी आमची बारा पोरं बाहेर रस्त्यावर,
पोत्यावर मांडलेले पितळी नळ,
कुलपं हरवलेल्या किल्ल्या राखत बसलेली.
खिडकीतून दिसतात. मोजा हवं तर.
साहेब बघतातही. पण पोर्टलला
खिडकीतून मोजता येत नाही.

दिवेकरकाका, शिक्षणप्रेमी नागरिक, घसा साफ करतात:
सरकारनं रस्ते करावेत, दिवे लावावेत,
शाळा समाजावर सोपवावी.
या पुण्यात लोकांनी दारोदार वर्गणी मागून शाळा उभ्या केल्या.
खरं आहे ते. मी लिहून घेते.

फरजाना बागवान, पालक सदस्य,
मांडीवरचं बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते.
'समाज वर्गणी मागायला येतो, तेव्हा बघितलाय मी.
द्यायला आलेला अजून दिसला नाही.'
हे कसं लिहायचं, मला कळत नाही.
पालकांनी भावना व्यक्त केल्या, असं लिहिते.

नवी शाळा कुंभारवेशीपलीकडे.
दीड किलोमीटर, नकाशात सरळ रेघ.
नकाशात सिग्नल नाही,
नकाशात धाकट्या बहिणीचा हात धरून
बसच्या पुढून पळणारा कुणी नाही.

सरकार मला नवं नाही, काका.
त्यानं मला मतदार मोजायला लावले, संडास मोजायला लावले,
खिचडीचा तांदूळ ग्रॅममध्ये भरून घेतला,
गणवेश पाठवले डिसेंबरात, तेही मागच्या वर्षीच्या मापाचे.
रागावायला मला तुमच्याहून जास्त कारणं आहेत.
पण याच दारात
कुणी कुणाच्या बापाला विचारलं नाही,
धंदा काय, घर भाड्याचं का,
इंग्रजी येतं का आईला.
दार उघडं असतं एवढंच, आणि दार
कुणीतरी पगार घेऊन उघडावं लागतं.

हे मी बोलले की मनात म्हटलं,
आता आठवत नाही.

मग फरजानाच विचारते, टोमणा नव्हे, सहज,
'बाई, तुमची पोरगी कुठं असते शाळेला?'
कोथरूडला.
'फी?'
मी आकडा सांगते.
पंख्याचा आवाज मोठा होतो.
बाहेर कुणीतरी ओरडतं, बोल ना, देणार किती?
काका चष्मा पुसतात. ते हसत नाहीत,
याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

इतिवृत्तात हा प्रश्न नाही.
लिहिलंय: सविस्तर चर्चा झाली.

एवढ्यात खिडकीच्या गजात एक तोंड.
चौथीतला अफान, हातात
दोऱ्यात ओवलेल्या किल्ल्यांचा जुडगा.
'बाई, माझी हजेरी लावा. मी हितंच आहे की.'

साहेब झाकण लावतात, पुन्हा काढतात.
उशीर झालाय, पुढची तारीख घेऊ म्हणतात.
पुढची तारीख पंधरा दिवसांनी, बुधवार.

सह्यांसाठी वही फिरायच्या आधी
मी बुधवार खोडते,
वर लहान अक्षरात गुरुवार लिहिते
आणि खाडाखोडीशेजारी
नियमाप्रमाणे माझी आद्याक्षरं.